लोकरी माव्यावर क्रायसोपा आणावा की मायक्रोमस जपावा?

उसाच्या पानाखाली पांढरा लोकरी मावा दिसला की लातूर-परभणीकडचे शेतकरी विचारतात, क्रायसोपाची अंडी विकत आणू का? माझं मत स्पष्ट आहे. कपाशीसाठी जरूर आणा. उसात मात्र आधी पान उलटून मायक्रोमस शोधा. दोघंही जाळीदार पंखांचे मित्रकीटक, पण ओळख आणि स्वभाव वेगळा.

अंड्यावरून ओळख सर्वांत सोपी. क्रायसोपाचं अंडं केसासारख्या बारीक देठाच्या टोकावर उभं असतं. मायक्रोमसच्या अंड्याला देठ नसतो, ते पानाला किंवा माव्याच्या लोकरीला आडवं चिकटलेलं असतं.

खरा घोटाळा अळीत होतो. दोघींचेही जबडे विळ्यासारखे. माव्यात खुपसून त्याच्या अंगातला रस शोषायचा, ही रीतही एकच. पण क्रायसोपाच्या अळीच्या दोन्ही बाजूंना गाठी आणि त्यांवर केसांचे झुबके असतात. मायक्रोमसची अळी सडपातळ, दोन्ही टोकांना निमुळती आणि गुळगुळीत. चालताना डोकं डावी-उजवीकडे हलवत माव्याचा माग काढते. दोघीही दोनदा कात टाकून कोषात जातात. क्रायसोपाचा कोष गोल, पांढरा, घट्ट. मायक्रोमसचा इतका विरळ विणलेला, की आतला जीव दिसतो. अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण तीन आठवडे धरा.

प्रौढ मायक्रोमस तपकिरी, लहान, पंखांवर बारीक लव. आणि तोही मावा खातो. शेतात वापरतात त्या क्रायसोपाचा हिरवा, सोनेरी डोळ्यांचा प्रौढ मात्र मकरंद, परागकण आणि माव्याच्या चिकट्यावर जगतो. मला उसासाठी मायक्रोमस उजवा वाटतो तो इथेच.

मग क्रायसोपाच जास्त का विकला जातो? तांदळावरील पतंगाच्या अंड्यांवर तो प्रयोगशाळेत सहज वाढतो. अळ्या एकमेकींना खातात म्हणून वेगळ्या ठेवाव्या लागतात, एवढीच कटकट. मायक्रोमसला जिवंत मावा लागतो, त्यामुळे तो वाढवणं किचकट आणि मिळणं अवघड.

पण 2002 साली सांगली जिल्ह्यात लोकरी माव्याचा उद्रेक झाला, आणि पुढे मावा पसरला तिथे मायक्रोमस आणि डिफा (ज्याची अळी मावा खाते असा पतंग) हे दोघं फडात आपसूक वाढले. म्हणून ज्या फडात मायक्रोमसचे कोष दिसतील, तिथली पानं कोषांसह कापून माव्याच्या फडात उसाच्या पानांना टाचा. सोडायचा झाल्यास हेक्टरी 2500 अळ्यांची शिफारस आहे.

कोष किंवा अळ्या दिसत असतील तर फवारणी थांबवा. मावा औषधाने मरेलही, पण मायक्रोमस आधी मरतो. काहीच दिसत नसेल आणि मावा वाढतच असेल, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात माव्याचं पान घेऊन जा.