पणजीतली पडद्याची तपासणी: यंत्रावरचे काम चोख, हातात पडणारा कागद अपुरा

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघाले, २६.४ टक्के. मधुमेह झाला की डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यावाच लागतो, कारण पडद्याला दुखणे कळत नाही. नजर अधू होईपर्यंत काही जाणवतही नाही. पणजीतल्या एका खासगी नेत्रचिकित्सालयातल्या या तपासणीबद्दल लिहायचे ते त्यासाठीच.

तपासणीचा गाभा म्हणजे ओसीटी, प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याच्या आतले थर दाखवणारे स्कॅन. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला घट्ट लावायचे आणि आतल्या खुणेवरून नजर हलवायची नाही. दोन-तीन सेकंदांत पडद्याच्या मध्यभागाचे, ६ बाय ६ मिलिमीटरचे, १२८ काप तयार होतात. पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड, तरी त्यातला एकेक थर वेगळा ओळखता येतो. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहालने मृत डोळ्याचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जे थर बघितले आणि कागदावर उतरवले, तेच इथे जिवंत डोळ्यात दिसतात. पडदा गर्भात मेंदूतूनच फुटतो. मेंदूच्या ऊतीचे थर बाहेरून इतके स्वच्छ दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाहीत.

इथल्या तंत्रज्ञांचे मनापासून कौतुक करायला हवे. एसीत बसून डोळे कोरडे पडले की यंत्राला डोळ्यातून मिळणारा संकेत (सिग्नल) क्षीण होतो. मग ते पापण्या मिटायला लावतात, कृत्रिम अश्रूंचा थेंब घालतात आणि स्कॅन पुन्हा घेतात. १० पैकी ६ च्या खालचा संकेत चालवून घेत नाहीत. हा हट्ट योग्यच आहे. चित्र अंधुक असले की यंत्र थराची सीमा भलतीकडे आखते आणि नसलेली सूज अहवालात उमटते.

खटकतो तो अहवाल. १२८ कापांपैकी छापून मिळतात फक्त दोन. मधल्या खळग्याच्या बाजूला पाण्याची छोटी पोकळी असेल तर ती या दोनांत येईलच असे नाही. सगळे काप पेनड्राइव्हवर मागून घ्या. अहवालातल्या लाल-हिरव्या रंगांवरही लगेच विसंबू नका: ती यंत्रात साठवलेल्या निरोगी डोळ्यांशी केलेली तुलना असते आणि मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात लाल रंग आजार नसतानाही येतो. पुढच्या वर्षी शक्यतो याच यंत्रावर या. नुसते यंत्र बदलले तरी पडद्याच्या जाडीत वीसेक मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) फरक पडू शकतो.

ओसीटीला पडद्याच्या कडा दिसत नाहीत. म्हणून बाहुली मोठी करून डॉक्टरांनी भिंगातून सगळा पडदा बघणे अटळ आहे, आणि इथे ते वगळत नाहीत. बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी डोळ्याचा दाबही बघतात. थेंबांचा परिणाम व्हायला अर्धा तास जातो. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर आधीच सांगा.

नंतर चार-सहा तास जवळचे धूसर दिसते आणि उन्हाने डोळे दिपतात. स्कूटर घरीच ठेवा. पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून मांडवीवरची तिरीप झेलण्यापेक्षा गडद चष्मा लावून कदंबच्या बसने परतलेले बरे.