कुत्र्यासाठी छोट्या गटाचा वर्ग की घरची शिकवणी?

दोन्हीकडे पद्धत एकच: कुत्र्याने बरोबर केलं की लगेच, शक्यतो सेकंदाभरात, खाऊ किंवा शाबासकी. फरक आजूबाजूच्या वातावरणाचा. घरी शांततेत ‘बस’ पटकन जमतं, पण कुत्री शिकलेली गोष्ट जागेशी जोडून ठेवतात. म्हणून तेच पिल्लू रस्त्यावर ऐकेनासं होतं. चार-पाच कुत्र्यांच्या वर्गात हा सराव आपसूक होतो. समोर दुसरं कुत्रं असतानाही मालकाकडे पाहायला शिकणं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. शिवाय प्रशिक्षकाची नजर तुमच्यावरही असते: खाऊ उशिरा दिला, पट्टा ताणला, की तिथल्या तिथे सांगतात. गर्दीच्या वर्गात हे होत नाही, तेव्हा संख्या आधी विचारा.

घाबरट किंवा इतर कुत्र्यांवर धावून जाणाऱ्या कुत्र्याला मात्र थेट गटात नेऊ नका. भीतीने ताठरलेलं कुत्रं आवडता खाऊसुद्धा अनेकदा तोंडात घेत नाही, मग शिकणार कसं? त्याच्यासाठी घरची शिकवणीच बरी. पुढे दुसरी कुत्री लांबून दाखवत अंतर हळूहळू कमी करता येतं.

पिल्लू असेल तर वर्गाआधी लसींबद्दल पशुवैद्यांना विचारून घ्या.