सेंट हेलेन्सची 1966 ची रेट्रो जर्सी: कापड झकास, पण नंबरच चुकलाय

सेंट हेलेन्स म्हणजे इंग्लंडमधला रग्बी लीगचा क्लब, त्यांच्या जुन्या जर्सीची ही नक्कल. आधी कापडाचं सांगतो, बहुतेकांना तेवढंच हवं असतं. जाड कॉटन आहे, अंगाला चिकटणारं ते पॉलिस्टर नाही. पांढऱ्यावर लाल व्ही, आणि तो छापलेला नाही, वेगळं लाल कापड कापून जोडलंय, आतून बोट फिरवलं की शिलाई लागते. कॉलर कडक आहे, छातीवर एकही स्पॉन्सर नाही, डोळ्यांना किती बरं वाटतं राव! पहिल्या धुण्यात लाल रंग थोडा सुटतो तेव्हा बाकीच्या कपड्यांत टाकू नका, आणि इथे इंग्लंडच्या दमट हवेत वाळायला वेळ घेते हे धरून चाला.

आता तक्रार. टॅगवर 1966, वेबसाइटवर नाव अ‍ॅलेक्स मर्फी या त्यांच्या जुन्या खेळाडूचं आणि पाठीवर मोठ्ठा 7. अहो, 66 च्या चॅलेंज कपच्या वेम्बली फायनलला स्क्रम-हाफ (टीमचा खेळ चालवणारा) होता टॉमी बिशप, म्हणजे 7 नंबर त्याचा. मर्फी त्या दिवशी सेंटरला खेळला, आणि सेंटरचे नंबर 3 नाहीतर 4.

तुम्ही म्हणाल एका आकड्यावरून काय एवढा कीस पाडतोयस. पण तो आकडा म्हणजेच भांडण होतं ना! मर्फी सेंट हेलेन्सचाच, काच कारखान्यांच्या गावातला, 1939 चा जन्म, 16 वर्षांचा झाला त्याच दिवशी क्लबने सही घेतली. एकोणिसाव्या वर्षी ब्रिटनकडून ऑस्ट्रेलिया टूरवर. 1958 ची ब्रिस्बेन टेस्ट, ज्यात कॅप्टन अ‍ॅलन प्रेस्कॉट (हाही सेंट हेलेन्स क्लबचाच) सुरुवातीलाच हात मोडून घेऊन शेवटपर्यंत खेळला आणि ब्रिटनने 25-18 ने मारली, त्या मॅचमध्ये हे पोरगं स्क्रम-हाफ होतं. 1961 च्या चॅलेंज कप फायनलला विगन या दुसऱ्या क्लबला 12-6 ने हरवलं तेव्हाही पाठीवर 7 च. जर्सीवरचा हा लाल व्ही पण त्याच फायनलपासूनचा. मग बिशप आला आणि मर्फीला सेंटरला सरकवलं. आपण जगातले बेस्ट स्क्रम-हाफ आहोत असं स्वतःच सांगत फिरणारा माणूस (टोपणनावच ‘मर्फ द माउथ’), त्याला हे पचणार थोडंच!

तरी 66 ला कॅप्टन तोच, आणि डोकं बघा काय चालवलं. आपल्याकडे टीव्हीवर दिसते ती रग्बी बहुतेक युनियन नाहीतर सेव्हन्स, ही लीग तेरा जणांची, 1895 ला खेळाडूंची मजुरी बुडते तिची भरपाई द्या म्हणून इंग्लंडच्या उत्तरेतले क्लब फुटून निघाले त्यांची. तेव्हाचा नियम असा की पेनल्टी मिळालेल्या टीमने बॉल लाथेने बाहेर मारला की तिथे स्क्रम, म्हणजे दोन्ही टीमचे खेळाडू एकमेकांना भिडून बॉलसाठी झटणार, आणि स्क्रममध्ये बॉल पायाने मागे ओढणारा तो हूकर. विगनचा नेहमीचा हूकर सस्पेंड झालेला. सेंट हेलेन्सकडे होता बिल सेयर, तोही आधी विगनकडूनच खेळलेला. मग मर्फी मुद्दाम ऑफसाइड (नको त्या जागी) जायचा, पेनल्टी विगनला, विगन बॉल बाहेर मारणार, स्क्रम लागणार आणि बॉल परत सेंट हेलेन्सकडे! पुन्हा ऑफसाइड, पुन्हा तेच. 21-2. विगनवाल्यांना अजून राग आहे, पण मला विचाराल तर नियम लिहिणारे झोपले होते त्याला तो काय करणार. नंतर नियमच बदलला, बाहेर मारल्यावर बॉल त्याच टीमकडे राहायला लागला. त्या सीझनला चार कप जिंकले आणि मर्फीने क्लब सोडला, ले नावाच्या दुसऱ्या क्लबच्या कोचिंगला गेला. 1971 ला त्याच लेचा खेळाडू-कोच होऊन वेम्बलीत लीड्सला 24-7 ने धुतलं, स्वतः स्ट्रेचरवरून बाहेर गेला, लीड्सचा सिड हाइन्स त्याला पाडल्याबद्दल हाकलला गेला, आणि स्ट्रेचरवरून मर्फीने डोळा मारला ही गोष्ट इथे आजही रंगवून सांगतात. मारला का नाही देव जाणे, पण मारला असेल असंच वाटतं!

तर अशा माणसाच्या 66 च्या जर्सीवर 7 छापायचा म्हणजे ज्या गोष्टीवरून तो गेला तीच पुसून टाकायची. दुकानाला मेल केला, नाव घेत नाही, उत्तर लगेच आलं आणि सभ्यपणे आलं, की गिऱ्हाइकांना मर्फी म्हटलं की 7 च लागतो, 3 छापला तर परत पाठवतात. धंदा म्हणून पटतं हो, पण मग टॅगवर 1961 लिहा की, व्ही तोच, माणूस तोच, भांडण मिटलं.

परत नाही केली, कापडासाठी ठेवून घेतली. त्यांच्याकडे बिननंबराची पण मिळते, त्याच किमतीत, ती घ्या. माप लहान येतं, एक साइज वरचा मागवा. कापडाला पाचपैकी पाच, नंबरला भोपळा.