प्ले कन्सोलचा रिव्ह्यू विभाग: खोट्या एक-स्टारपुढे कितपत टिकतो?

प्ले स्टोअरवर अ‍ॅप टाकलं की गूगलच्या प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपरांसाठीच्या व्यवस्थापन-पानात) रेटिंग-रिव्ह्यूचा विभाग आपसूक मिळतो. वापरणाऱ्यांशी बोलायला तो झकास आहे. खोट्या रिव्ह्यूंचा मारा झाला की मात्र लंगडा पडतो, आणि त्याचा फटका छोट्या डेव्हलपरला जास्त बसतो.

हिशेब बघा. 200 रेटिंग आणि 4.5 सरासरी असलेल्या अ‍ॅपला कोणी 20 खोटे एक-स्टार ठोकले, तर साधी सरासरी 4.18 वर येते. पुन्हा 4.5 गाठायला 140 पाच-स्टार लागतात. त्यात 2019 पासून प्ले स्टोअर ताज्या रेटिंगला जास्त वजन देतं, म्हणजे दिसणारा आकडा आणखी खाली जाऊ शकतो. (जुना मारा हळूहळू विरतो तोही यामुळेच.) अ‍ॅपल नवी आवृत्ती सोडताना रेटिंग पुसू देतं; इथे ती सोय नाही.

मोठ्यांचं निभावून जातं. 2017 मध्ये स्नॅपचॅटवरचा राग लोकांनी नावाच्या घोळात स्नॅपडीलवरही काढला. मे 2020 मध्ये टिकटॉक 1.2 पर्यंत घसरलं, तेव्हा गूगलने लाखो रिव्ह्यू काढून टाकले. गूगलची आपोआप चालणारी गाळणी छोट्यांनाही आहे, पण तिच्यातून निसटलेला प्रत्येक रिव्ह्यू स्वतः फ्लॅग करावा, म्हणजे गूगलकडे तक्रार म्हणून नोंदवावा लागतो.

फ्लॅग करताना ‘हे खोटं आहे’ एवढ्याने भागत नाही. स्पॅम, शिवीगाळ, विषय सोडून लिहिलेलं, असा नियमभंग दिसला तरच रिव्ह्यू जातो. ‘भिकार अ‍ॅप’ हे मत झालं, ते राहणार. तेच वाक्य शब्दशः पाच खात्यांवरून आलं असेल, तर पाचही एकदमच फ्लॅग करा. सगळ्यात मोठं भगदाड वेगळंच: मजकूर नसलेले नुसते स्टार. त्यांना उत्तर देता येत नाही, फ्लॅगही करता येत नाही.

खरा माल रिव्ह्यूंच्या दरमहाच्या सीएसव्ही फायलीत (रकान्यांच्या साध्या तक्त्यात) आहे. ती यूटीएफ-16 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत असते. ती वाचणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) यूटीएफ-8 ही दुसरी पद्धत धरून चालली तर मराठी मजकुराचा चिखल होतो. आवृत्ती, उपकरण, भाषा आणि वेळ हे रकाने शेजारी ठेवा. तासाभरात, एकाच मॉडेलच्या फोनवरून, जुनाट आवृत्तीवर आलेले एक-स्टार संशयास्पद. आवृत्तीचा रकाना नुसता रिकामा असणं हा पुरावा नव्हे; खऱ्या वापरणाऱ्यांचाही तो कधीकधी रिकामाच येतो. एपीआयने (प्रोग्रामला थेट माहिती देणाऱ्या गूगलच्या सोयीने) रिव्ह्यू ओढत असाल, तर तिथे फक्त गेल्या आठवड्यातले मिळतात. स्क्रिप्ट रोज चालवा.

उत्तराला 350 अक्षरांची मर्यादा आहे. युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत) काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून मराठी उत्तर आधी मोजून घ्या. ‘तुम्ही खोटे आहात’ असं लिहू नका. ‘कोणत्या स्क्रीनवर बंद पडलं, फोन कोणता?’ एवढं विचारा. खरा माणूस कधीकधी रिव्ह्यू बदलतोही. आणि उत्तर त्याच्यापेक्षा अ‍ॅप उतरवावं की नाही या विचारात असलेला जास्त वाचतो.

भरपाईला पाच-स्टार विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. तो धोरणाचा सरळ भंग आहे, अ‍ॅपच काढलं जाऊ शकतं. अ‍ॅपमधूनच रिव्ह्यू मागायची अधिकृत सोय 2020 पासून आहे. तिच्याआधी ‘अ‍ॅप आवडलं का?’ हा प्रश्न टाकायला मनाई आहे. ती बटणामागेही ठेवू नका: कोटा (ती किती वेळा दाखवायची याची गूगलची मर्यादा) संपला की खिडकी उघडतच नाही आणि बटण मेल्यासारखं दिसतं.