शेकहँड टाळण्यासाठीचे तीन रंगांचे रिस्टबँड: लाल कामाचा, पिवळा गोंधळाचा

माझ्या नवऱ्याचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं आहे. शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट रोज घ्यावं लागतं, आणि हीच औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. दुसऱ्याला दोन शिंकांवर निभावणारी सर्दी त्याच्या छातीत उतरते. त्यामुळे शेकहँड टाळायला मदत करणारी कुठलीही वस्तू दिसली की मी ती बारकाईने बघते. हे सिलिकॉनचे बँड आम्ही प्रत्यारोपण झालेल्यांच्या मेळाव्यात वापरले आणि नंतर एका मोठ्या घरगुती समारंभातही. लाल म्हणजे लांबूनच भेटा, पिवळा म्हणजे मूठ किंवा कोपर टेकवा, हिरवा म्हणजे हात मिळवला तरी हरकत नाही.

सगळ्यात मोठा फायदा आधी सांगते. नाही म्हणायचं काम बँड करतो. एरवी कुणी हात पुढे केला की माझ्या नवऱ्याला क्षणात ठरवावं लागतं: हात घ्यायचा, की उभ्या उभ्या आजाराची सगळी कहाणी सांगायची? कुणाला दुखवणं त्याच्या स्वभावात नाही, म्हणून तो हात घेतोच आणि मी पर्समध्ये सॅनिटायझर शोधू लागते. मेळाव्यात एका गृहस्थांनी पुढे केलेला हात लाल बँड बघून स्वतःच्या छातीवर ठेवला, मान लववली आणि गप्पा सुरू केल्या. कुणाला काही विचारावं लागलं नाही. आजारी माणसाला याचं किती हायसं वाटतं, ते जवळून बघितलेल्यालाच कळेल.

आता खोट. बँड मनगटावर असतो आणि भेटताना आपण बघतो चेहऱ्याकडे. हात निघाल्यावर रंग दिसून उपयोग काय? पूर्ण बाह्यांचा शर्ट असेल तर तोही दिसत नाही. हाच रंग छातीवर बॅज म्हणून लावला तर चार पावलांवरून कळेल. दुसरं म्हणजे, लाल आणि हिरवा यांतला फरक न ओळखता येणारे लोक असतात, पुरुषांत तर बरेच. या बँडवर नुसता रंग आहे, खूण नाही. काट मारलेल्या हाताचं साधं चित्र छापलं असतं तरी भागलं असतं.

पिवळ्या बँडवर माझा खरा राग आहे. मूठ आणि कोपर एका रंगात घालायचं कारणच नव्हतं. वेल्समधल्या एबरिस्टविथ विद्यापीठात 2014 मध्ये हातमोज्यावर जिवाणू लावून मोजमाप केलं गेलं. शेकहँडच्या तुलनेत टाळी देताना साधारण निम्मे जिवाणू पलीकडे गेले, मुठीला मूठ टेकवताना जेमतेम दहावा हिस्सा. स्पर्श होणारी जागा लहान आणि वेळही कमी, म्हणून हा फरक. कोपराचं मात्र वेगळं आहे. शिंक आली की कोपरात शिंका, असं आपणच सगळ्यांना शिकवलं, आणि तेच कोपर भेटायला पुढे करायचं? शिवाय कोपर टेकवायला माणूस अगदी जवळ यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी मार्च 2020 मध्ये याच कारणासाठी कोपर टाळायला सांगितलं होतं. ते स्वतः छातीवर हात ठेवत. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसासाठी तर मुठीचा दहावा हिस्साही मला नको आहे. नमस्कार किंवा छातीवर हात, दोन्ही लांबून होतात आणि समोर दहा माणसं असली तरी एकदाच पुरतात.

हिरवा बँड घालणाऱ्यांनीही हात धुवायलाच हवेत. ऑस्ट्रेलियात वैद्यकीय विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं, 2015 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात एकेक विद्यार्थी तासाला सरासरी 23 वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावत होता. हाताला लागलेलं नाका-डोळ्यांपर्यंत पोचायला एवढं पुरेसं आहे. बँडच्या पाकिटात सॅनिटायझरची बाटली येते, ती चांगली आहे, पण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोल फारसं चालत नाही. तिथे साबण आणि पाणीच.

सिलिकॉन साबणाने स्वच्छ निघतं, दिवसभर घालूनही टोचत नाही. याच प्रकारात कापडी बँडही मिळतात, ते घेऊ नका; ओले राहतात आणि प्रत्येक वेळी कुणी धूत नाही.

समारंभ ठरवणाऱ्यांना माझं सांगणं: लाल बँड जास्त मागवा, पिवळे वाटूच नका आणि रंगांचा अर्थ दारातच मोठ्या अक्षरांत लावा. लाल बँड घालणाऱ्यांनी समोरच्याची वाट बघू नये. तो जरा लांब असतानाच आपण हसून नमस्कार करावा, म्हणजे त्याचा हात पुढे यायच्या आधीच भेट झालेली असते. आमच्याकडे आता असंच चालतं, आणि बँड घरी विसरला तरी अडत नाही. पाचपैकी साडेतीन तारे. बँडऐवजी बॅज बाजारात आणला तर आणखी एक देईन.