विंडोज सर्व्हरवर बाहेरचा अँटीव्हायरस: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

विंडोज सर्व्हर 2019 वर चालणारा एक डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरील खाती आणि लॉगिन सांभाळणारा), एक फाइल सर्व्हर आणि एक एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस चालवणारा) अशा तीन यंत्रांवर एका कंपनीच्या अँटीव्हायरसची सशुल्क सर्व्हर आवृत्ती आम्ही काही महिने वापरली. फाइल सर्व्हरवर ती समाधानकारक ठरली, डेटाबेसच्या यंत्रावर मात्र मुळीच नाही. उत्पादनाचे नाव देत नाही, कारण पुढील बहुतेक अडचणी या जातीच्या कोणत्याही उत्पादनात येऊ शकतात.

माहितीपत्रकातील ‘सर्व्हरशी सुसंगत’ या शब्दांचा अर्थ प्रत्यक्षात एवढाच निघतो की इन्स्टॉलर अडत नाही. सर्व्हर 2019 आणि विंडोज 10 ची 1809 आवृत्ती या दोहोंचा बिल्ड क्रमांक, म्हणजे सिस्टिमच्या आतील आवृत्तीचा क्रमांक, 17763 हाच आहे. तरीही घरगुती आवृत्ती सर्व्हरवर बसत नाही, कारण इन्स्टॉलर सिस्टिमचा प्रकार तपासून तिथेच थांबतो. खरा प्रश्न त्यानंतर, त्या सर्व्हरवर चालणाऱ्या सेवांशी जुळवून घेताना सुरू होतो.

पहिली गोष्ट डिफेंडरची, म्हणजे विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्याच अँटीव्हायरसची. विंडोज 10 वर दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. सर्व्हरवर तसे होत नाही. आमच्या फाइल सर्व्हरवर मोठे फोल्डर कॉपी होताना वेग कमालीचा घसरला, तेव्हा फिल्टर ड्रायव्हरची, म्हणजे फाइलींच्या प्रत्येक व्यवहारावर मध्ये बसून नजर ठेवणाऱ्या ड्रायव्हरची, यादी दाखवणारी एफएलटीएमसी (fltmc) ही आज्ञा चालवून पाहिली. त्या यादीत डिफेंडरचा ड्रायव्हर 328010 या पातळीवर (ड्रायव्हरचा क्रम ठरवणारा आकडा) होता आणि नव्या उत्पादनाचा ड्रायव्हरही अँटीव्हायरससाठी राखलेल्या त्याच 3,20,000 च्या पट्ट्यात होता. म्हणजे उघडणारी प्रत्येक फाइल दोनदा तपासली जात होती. सर्व्हर मॅनेजरमधून डिफेंडरचे फीचर काढून यंत्र रीस्टार्ट केल्यावर वेग पूर्ववत झाला. ही पायरी उत्पादकाच्या मार्गदर्शिकेत पहिल्या पानावर असायला हवी होती.

एसक्यूएल सर्व्हरवरचा प्रकार अधिक गंभीर होता. एका रीस्टार्टनंतर एक डेटाबेस ‘रिकव्हरी पेंडिंग’ अवस्थेत, म्हणजे सुरूच न होता, अडकला, आणि एरर लॉगमध्ये 17207 या त्रुटीसोबत ऑपरेटिंग सिस्टिमची त्रुटी 32, म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोसेसच्या ताब्यात असल्याची नोंद सापडली. एसक्यूएलची सेवा फाइल उघडायला गेली तेव्हा स्कॅनरने ती आधीच धरून ठेवली होती. डेटाबेसच्या एमडीएफ, एनडीएफ (डेटा), एलडीएफ (लॉग) आणि बॅकअपच्या फाइली एक्सक्लुजनमध्ये, म्हणजे तपासणीतून वगळायच्या यादीत, टाकल्यावर तो प्रकार पुन्हा घडला नाही.

एक्सक्लुजनच्या बाबतीत डिफेंडर उजवा वाटतो. सर्व्हर 2016 पासून तो सर्व्हरवर बसवलेले रोल (विंडोजमधील ठरावीक सर्व्हर-सेवा) ओळखून रिअल-टाइम तपासणीतून आवश्यक फाइली आपोआप वगळतो. एसक्यूएल सर्व्हर हा विंडोजचा रोल नसल्याने त्याच्या फाइली मात्र तिथेही हातानेच द्याव्या लागतात. आमच्या उत्पादनात तर डोमेन कंट्रोलरवरील एनटीडीएस.डीआयटी (खात्यांच्या डेटाबेसची फाइल), तिचे लॉग आणि सिसव्हॉल या सामाईक फोल्डरची प्रतिकृती सांभाळणाऱ्या फाइलींचे मार्गही एकेक करून भरावे लागले. घाईत अख्खा ड्राइव्ह वगळून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात, परंतु वगळलेली जागा ही घुसखोराला लपायला आयती जागा असते.

फाइल सर्व्हरवर हे उत्पादन ठेवण्याचे कारण वेगळे आहे. नेटवर्कवरच्या एखाद्या संगणकात रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरले आणि शेअरमधील, म्हणजे सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरमधील, फाइली एन्क्रिप्ट करू लागले, तर ती घातक प्रोसेस सर्व्हरवर चालतच नसते. सर्व्हरला ते लेखन फक्त ‘सिस्टिम’ या प्रोसेसच्या नावाने दिसते. हे उत्पादन अशा वेळी थोड्या अवधीत बदलणाऱ्या फाइलींचा ओघ पाहून त्या संगणकाचे सत्रच तोडते, आणि आम्ही चाचणी शेअरवर फाइलींची नावे स्क्रिप्टने झपाट्याने बदलून पाहिली तेव्हा त्याने ते चोख केले.

एसक्यूएलच्या यंत्रावरून ते काढणे मात्र सरळ नव्हते. अनइन्स्टॉल आणि रीस्टार्ट झाल्यावरही त्याचा ड्रायव्हर यादीत दिसत राहिला. उत्पादकाचे स्वतंत्र क्लीनअप टूल चालवून आणखी एक रीस्टार्ट दिल्यावरच तो गेला. त्यानंतर डिफेंडरचे फीचर परत बसवले आणि परवान्याचे नूतनीकरण केवळ फाइल सर्व्हरपुरते केले.