चार फूट माती सांगितली, निघाला मुरूम: माळरानावर जमीन घेणाऱ्यांनी हे वाचा

शेळ्यांच्या चाऱ्यासाठी आणि थोड्या लिंबूबागेसाठी मी आणि माझ्या भावाने जमीन घेतली. ‘मध्यम काळी, चार फूट माती, पाणी दिलं की काहीही येईल’ असं सांगून ती आमच्या गळ्यात मारली गेली. प्रत्यक्षात ते मुरमाड माळरान आहे. वर दिसणारी काळी माती तिथली नाहीच, ती तलावातला गाळ आणून पसरलेली आहे. बोर्ड लावून विकायला काढलेल्या माळरानांवर हा प्रकार कोणाच्याही बाबतीत होऊ शकतो, म्हणून तो कसा केला गेला ते सविस्तर लिहितोय.

आधी जमिनीबद्दल. आपला बहुतेक महाराष्ट्र बेसाल्टवर वसला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यांचा हा खडक. कुठे कठीण काळा पाषाण, कुठे पोकळ्यांत पांढरे खडे भरलेला मांजऱ्या, दोन थरांच्या मध्ये कधी गेरूची लाल पट्टी. खडक झिजला की मुरूम होतो आणि मुरमाची माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. पठाराच्या माथ्यावर आणि उतारावर जी माती होते ती पावसाबरोबर खाली जाते, म्हणून वर वीतभर तांबूस, खडेमिश्रित माती राहते आणि नाल्याकाठी पुरुषभर काळी माती साचते. एकाच गटात ही दोन्ही टोकं सापडतात. मृद सर्वेक्षणात २५ ते ५० सेंटीमीटर खोलीच्या जमिनीला उथळ म्हणतात, त्याहून कमी असेल तर अति उथळ. माळरानाचा बराच भाग यातच मोडतो.

या जमिनीत खोट काहीच नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. पवन्या, कुसळी यांसारखं गवत तिच्यावर वर्षानुवर्षं येतं, मेंढ्या-शेळ्या त्यावर जगतात. ती चराऊ जमीन आहे आणि चराऊ जमिनीच्या दराने विकली असती तर आमची काहीच तक्रार नव्हती.

आम्हाला दाखवायला खड्डा आधीच खणून ठेवलेला होता. चार फूट खोल, चारही बाजू काळ्याभोर. एजंट म्हणाला, ‘उतरा, हात लावून बघा.’ माती खरीच होती. पण तो खड्डा गटाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात, ओघळीच्या तोंडाशी होता, जिथे वरून वाहून आलेली माती साचते. बाकीच्या क्षेत्रात तशी माती कुठेच नाही.

मग मातीचा रिपोर्ट. सामू (माती आम्ल की अल्कधर्मी ते), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, सगळं व्यवस्थित. रिपोर्ट खोटा नव्हता, म्हणूनच तो जास्त घातक. नेहमीच्या तपासणीचा नमुना वरच्या १५ सेंटीमीटरमधून घेतात, आणि इथे वरचे १५ सेंटीमीटर म्हणजे निव्वळ गाळ. शिवाय प्रयोगशाळेत माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात, त्याहून मोठे खडे बाजूला पडतात. म्हणजे शेतात निम्मे खडे असले तरी आकडे फक्त चाळणीखालच्या मातीचे. मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासलेल्या असतात, पण खाली खडक किती खोलीवर आहे हे त्या बारांत नाही. सातबाऱ्यावरही नाही. जिरायत, बागायत, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) एवढंच तिथे कळतं.

पहिल्या मोठ्या पावसात प्रकार उघडा पडला. उतारावरचा गाळ पट्ट्यापट्ट्याने निघून नाल्यात गेला आणि खालचा पिवळसर मुरूम दिसायला लागला. जिथे गाळ टिकला तिथे वेगळंच संकट. बारीक मातीखाली एकदम भरड मुरूम आला की पाणी सहज खाली उतरत नाही, वरचा थर पूर्ण भिजेपर्यंत तिथेच अडून राहतं. लिंबाची काही रोपं त्यात मुळं कुजून गेली. उरलेली पाऊस थांबल्यावर वाळली, कारण एवढ्या थरात ओल धरायला जागाच नाही. हिशेब साधा आहे. चांगली माती मीटरभर खोलीला साधारण १५० मिलिमीटर पाणी झाडासाठी धरून ठेवते. माती ३० सेंटीमीटर आणि त्यात निम्मे खडे, म्हणजे हाती राहिले वीस-बावीस. कडक उन्हात दिवसाला पाच मिलिमीटर सहज उडतं. चार-पाच दिवसांत जमीन कोरडी. ठिबक टाकलं तरी पाण्याच्या पाळ्या तेवढ्याच जवळ येतात.

मग भावाने मधोमध पहार घेऊन खणलं. वीतभर खालीच पहार खणकन वाजली. खड्ड्याची कड पाण्याने धुतल्यावर काळा थर आणि मुरूम यांच्यामध्ये सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली. जागेवर तयार झालेल्या मातीत अशी रेघ नसते. माती हळूहळू भुरकट होत जाते, खडे वाढत जातात, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे लागतात. आमच्या रेघेच्या खाली जुन्या गवताची मुळं दबलेली होती, आणि वरच्या काळ्या मातीत पाण्यातल्या गोगलगायींचे चिमुकले पांढरे शंख. टेकाडाच्या माथ्यावर! ते शंख तलावाशिवाय येणारच नाहीत. कित्येक वर्षांचं उभं गवत जेसीबीने खरवडून त्यावर हे टाकलं होतं, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त येतो.

गाळ टाकणं हा गुन्हा नाही. धरणातला गाळ शेतात नेण्याची सरकारी योजनाच आहे आणि सपाट, बांध घातलेल्या हलक्या जमिनीला त्याचा फायदा होतो. तो मूळ माती म्हणून विकणं ही फसवणूक.

तेव्हा जमीन बघायला जाताना टिकाव-पहार सोबत न्या आणि खड्डे तुम्ही सांगाल तिथे घ्या: माथ्यावर, उताराच्या मध्यावर, खाली. मालक ‘कशाला उगाच’ म्हणाला तर तिथेच थांबा. शेजारच्या विहिरीचं किंवा रस्त्यासाठी कापलेल्या कडेचं तोंड बघा, खडक किती वर आहे ते फुकट दिसतं. बांधावरचं गवत बघा. आत काळी माती आणि बांधावर मात्र कुसळी, तरवड आणि उघडे धोंडे, असं असेल तर आत काहीतरी आणून टाकलंय. पावसाळ्यात बघायला जाऊ नका, श्रावणात प्रत्येक माळ हिरवाच असतो. एप्रिल-मेमध्ये जा. फळबाग करायची असेल तर मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाका, खूप फसफसली तर चुनखडी जास्त आहे आणि लिंबाची पानं पिवळी पडायची भीती आहे.

इसारपावती करताना मातीची खोली त्यात लिहून घ्या, गाळ टाकलेला नाही हेही लिहून घ्या. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे सहज लक्षात न येणारा मोठा दोष माहीत असेल तर विकणाऱ्याने तो सांगायलाच हवा. आमच्या वकिलांनी त्याच आधारावर नोटीस पाठवली आहे. समोरून उत्तर आलं, ‘खड्डा दाखवला होता, पसंत करून घेतली.’ बोलणं तोंडी झालेलं, त्यामुळे ‘चार फूट’ हा शब्द कागदावर कुठेच नाही.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे तोच एजंट आता आमच्या वरच्या बाजूची पट्टी दाखवतोय. तिथे डंपर येऊन गेलेत, आणि खालच्या कोपऱ्यात खड्डा खणून तयार आहे.